दिवे कोरडेच होते

१८ जून, बुधवार

आज दुपारची नमाज मी दोनदा पढले. वजूसाठी हात-पाय धुताना डावं कोपर भिजलं होतं की नाही, ते आठवेना. परत नळाशी गेले तर उम्मी, माझी आई, स्वयंपाकघरातून म्हणाली, "अदम गावचा पाट आटला तर लोकांनी आमच्या दारात यावं. सगळं पाणी या पोरीच्या कोपरावरून वाहून गेलंय."

रय्या आत्या हसली नाही. तिने ही वही माझ्या हातात ठेवली. "शंका आली की इथे लिही, वही मिट आणि कामाला लाग. तिला दूध पाजत बसू नकोस."

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा गेले, ती आमच्याकडेच राहिली. माझ्या दम्यामुळे मला लहानपणी शाळेत घातलं नव्हतं. अक्षरं, कुराण, बेरीज-वजाबाकी, सगळं मी तिच्या चटईवर शिकले. काय पाक, काय नापाक, तेही. ती म्हणते, "मी तुला पाणी शिकवलं आणि तू त्यात बुडालीस." आता बाहेरही तीच ओढते आहे. तिचा नियम असा, की जे खात्रीने झालं ते शंकेने मोडत नाही. कोपर धुतलं ही खात्री. भिजलं नसेल ही शंका, म्हणजे सैतानाची कुजबुज. तिला उत्तर द्यायचं नाही, पाठ फिरवायची.

लिहिलं. मिटते.

२० जून, शुक्रवार

अझ्झानने, माझ्या भावाने, गाडी आणली. लाल, दोन दारांची, मागच्या सीटवर फक्त मांजर बसेल अशी. मस्कतच्या कुणाकडून वापरलेली घेतली आहे. इंजिन चालू केलं की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. उम्मीने गाडीवरून मीठ ओवाळलं आणि मग विचारलं, "आम्ही बसायचं कुठे?"

तो मला गाडीच्या समोर घेऊन गेला. "बघ कशी दिसते. भोळी. शेळीसारखी."

मला तर गाडी चांगलीच रागीट वाटली. पण त्याचं म्हणणं, दिवे मोठे आणि आत चंदेरी आहेत, म्हणून ती डोळे विस्फारून बघितल्यासारखी दिसते. दिवे उघडायचे, आतली चंदेरी चौकट काळी रंगवायची, वरून काचेला धुरकट फिल्म लावायची. मग ती लांडग्यासारखी दिसेल. जुलैत खरीफचं, म्हणजे तिकडच्या पावसाळ्याचं, धुकं धरलं की तो मित्रांबरोबर सलालाला जाणार. तिथे माळावर सगळी पोरं आपापल्या गाड्या दाखवतात.

"गॅरेजमध्ये दे ना," मी म्हटलं.

"गॅरेजमधून आणली की ती गॅरेजची झाली. आपल्या हाताने केलं तर आपली."

आणि आपला हात म्हणजे माझा हात. मी कुम्मा भरते, पुरुषांच्या टोप्या, सुईच्या टोकाएवढ्या भोकांची नक्षी असलेल्या. माझा हात हलत नाही, हे त्याला माहीत आहे. "रंग तू द्यायचास. पण कैसला आणि बाकीच्या मित्रांना सांगायचं नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली नाही. शपथ मोडली तर प्रायश्चित्त पडतं. नुसतं "सांगणार नाही" म्हटलं.

२२ जून, रविवार

उम्मी शेजारी बाळंतिणीला बघायला गेली आणि अझ्झानने दिवे ओव्हनमध्ये घातले.

गाडीचा पुढचा बंपर काल उतरवला होता. दिव्याची काच आणि मागचं घर काळ्या गोंदाने चिकटवलेलं असतं. मंद आचेवर तापलं की तो गोंद गुळाच्या पाकासारखा ओढला जातो आणि काच सुटते. हे सगळं तो फोनवरच्या व्हिडिओत बघून करत होता. व्हिडिओतला माणूस दूर कुठल्या तरी थंड देशातला होता, त्याच्या मागे खिडकीत झाडं ओली दिसत होती.

पहिला दिवा बाहेर काढला, तोच उम्मी परतली.

"हा कसला वास? काय जळतंय?"

"काही नाही. दिवे."

"माझ्या पावाच्या ओव्हनमध्ये?" तिने पायातली चप्पल काढली. अझ्झान हातात गरम दिवा घेऊन स्वयंपाकघरभर पळत होता, "उम्मी, फुटेल! उम्मी, हा डोळा आहे माझ्या गाडीचा!" आणि ती मागून, "तुझे दोन आधी फोडते!" मला इतकं हसू आलं की दम्याचा पंप ओढावा लागला.

नंतर मात्र ओव्हनची चिंता लागली. त्या धुराने पाव खाण्याजोगा राहील का? तीनदा सोडा घालून पुसला. आत्या म्हणाली, एकदा पुसलास तेव्हाच झाला.

२३ जून, सोमवार

उजव्या दिव्यात मेलेली पाल निघाली. मागचं एक झाकण आधीच्या मालकाने हरवलेलं होतं, तिथून गेली असणार. वाळून कागद झाली होती.

अझ्झानने ती चिमटीत धरून फेकली आणि लगेच रंगाचा डबा उघडायला घेतला. मी म्हटलं, आधी धुवायला हवं.

"काय?"

"मेलेलं जनावर होतं आत."

"झुवैना, ते दिवे आहेत. त्यांना नमाज पढायची नाहीये."

पण तुला हात लावायचा आहे, मला लावायचा आहे, तेच हात मग ताटाला, नमाजच्या मुसल्ल्याला. मी वाद घातला नाही. तो अत्तर आणायला बाजारात गेला तेव्हा दोन्ही दिव्यांची घरं नळाखाली धरली. वाहतं रक्त असलेलं जनावर मेलं की नापाक; पालीला ते असतं की नाही यावर जाणत्यांचं एकमत नाही, म्हणून जास्त काळजी घेतली. तीन पाण्यांनी धुतले, कोपरे, खाचा, मागची पोकळी, सगळीकडे धार सोडून. डाव्यात पाल नव्हती, पण तोही धुतला. एक धुवून दुसरा सोडला असता तर झोप लागली नसती.

गच्चीवर उन्हात ठेवले आहेत.

२४ जून, मंगळवार

सकाळी गच्चीवर गेले तर दिव्यांना हात लावला की चटका बसत होता. अदमच्या उन्हात ओली चादर दोरीवर टाकून खाली येईपर्यंत वाळते. तोंडावर शेला गुंडाळून दोन्ही चौकटी रंगवल्या. पातळ थर, मग वाळू दिला, मग दुसरा. एकही ओघळ नाही. खरंच सुंदर झाल्या आहेत.

जोडायच्या आधी उजवा दिवा उचलला तेव्हा आत काही तरी सरकल्यासारखं वाटलं. कानाशी धरून हलवला. एकदा आवाज आला, मग आला नाही. मागच्या बाजूला एक वळणाची पोकळी आहे, तिथे बोटही जात नाही आणि नजरही.

अझ्झानला सांगावं, पुन्हा एक दिवस उन्हात ठेवावेत, असं मनात आलं. मग वाटलं, हे तर कोपरासारखंच झालं. खाली जाऊन आत्याला विचारलं, "धुतलेली वस्तू उन्हात वाळवली, हाताला कोरडी लागली, तरी मन म्हणतं आत ओल आहे. तर?"

आत्या खजूर निवडत होती. कुठली वस्तू, हेही तिने विचारलं नाही. माझ्या शंकांना ती आता नाव-गाव विचारत नाही. "हाताला कोरडी लागली ना?"

"हो."

"मग ती कोरडी. हात साक्षीदार आहे, मन चहाडखोर आहे. जा, तोंडातून शब्द काढू नकोस, नाही तर ते उद्या आणखी चार शंका घेऊन येईल."

मी गेले. शब्द काढला नाही. मी आज जिंकले, असं लिहायला हरकत नाही.

नवा गोंद दोरीसारखा खाचेत बसवला, दोघांनी मिळून काच दाबली. मग मला मागच्या बाजूला दोन-दोन बारीक भोकं दिसली, नळीच्या तोंडासारखी.

"ही कशाला?"

अझ्झानने डोकं खाजवलं. व्हिडिओत त्याबद्दल काही नव्हतं. "इथूनच धूळ जात असणार. पाल पण."

"टोपीला भोकं ठेवतात ती डोक्याला वारा लागावा म्हणून."

"दिव्याला कुठे डोकं आहे? भर गं. तुझ्यासारखी भोकं कोण बुजवणार!"

मी भरली. सुईने गोंद आत ढकलून, वरून बोटाने सपाट करून. आता मुंगी जाणार नाही.

२६ जून, गुरुवार

दिवे बसवले, धुरकट फिल्म लावली. सूर्य बुडताना अंगणाच्या भिंतीवर उजेड पाडून बघितला. आधी भिंतीचे पोपडे मोजता यायचे, आता भिंतीवर चहा सांडल्यासारखा डाग पडतो.

उम्मी म्हणाली, "उजेड कुठे गेला?"

"उम्मी, हे दिसण्यासाठी आहेत."

"दिवे दिसण्यासाठी? मग बघण्यासाठी काय लावणार, टॉर्च?"

"रस्ता मला पाठ आहे. सरळ तर आहे."

कैस आणि दोघे आले. गाडीभोवती फिरले, शिट्या वाजवल्या. कैस म्हणाला, "वल्लाह, हे तू केलंस? तुला तर खिळा ठोकता येत नाही!" अझ्झानने खिडकीकडे बघितलंही नाही. मी पडद्याआडून ऐकत होते. वाईट वाटलं नाही. खरं लिहायचं तर थोडं वाटलं.

५ जुलै, शनिवार

दोन दिवस धुळीचं वादळ. कपाटातल्या कपड्यांतसुद्धा वाळू. आज थांबलं तेव्हा अझ्झानने मला बोलावून दिवे दाखवले. बाहेरून पुसले तर आत एक कण नाही. कैसच्या गाडीच्या दिव्यांत म्हणे वाळू साचली आहे.

"बघ, तुझ्या गोंदाची करामत," तो म्हणाला.

दिवसभर बरं वाटत होतं. आज दोनदा काही पढले नाही.

संध्याकाळी कहवा पिताना आत्या अचानक म्हणाली, "मला पण ने सलालाला."

अझ्झानच्या हातातला खजूर तसाच राहिला. "आत्या, पोरं-पोरं जातोय आम्ही."

"मी काय तुमच्यात नाचणार आहे? दुआ मागताना जन्मभर हिरव्या बागा म्हणते आहे. पाहिल्यात कुठे? तिथे माझी जुनी मैत्रीण शरीफा राहते, तिच्याकडे मला सोड आणि मग तुझ्या गाडीला काय दाखवायचं ते दाखव."

मला जाता येत नाही, दमट हवेत श्वास कोंडतो. आत्या मला म्हणाली, "तुझ्या वाटचं पण बघून येते."

९ जुलै, बुधवार

पहाटे फज्रच्या नमाजनंतर निघाले. आत्या पुढच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसली. "अझ्झान, ही गाडी आहे की बूट?" उम्मीने थर्मास दिला, पातळ रखाल पाव बांधून दिला, आणि दहादा सांगितलं, उंट रस्त्यावर येतात, सावकाश जा. मी प्रवासाची दुआ म्हटली. शेवटचा शब्द नीट उच्चारला की नाही, ते कळेना. पुन्हा म्हणावीशी वाटली, पण गाडी वळली होती, आणि आत्याने खिडकीतून बोट हलवून मला दटावलं. तिला माझ्या ओठांवरून कळतं.

संध्याकाळी आत्याचा फोन. "पोचलो. झुवैना, थुमरैत गाव सोडलं आणि उतार लागला, तर वाळवंट चाकूने कापल्यासारखं संपलं. पुढे नुसतं हिरवं. आणि ढग खिडकीतून माझ्या मांडीवर."

११ जुलै, शुक्रवार

अझ्झानने फोटो आणि एक व्हिडिओ पाठवला. माळावर गाड्यांची रांग, धुक्यात नुसते आकार. आमची लाल गाडी मधोमध. व्हिडिओत कुणीतरी ओरडतं, "ए अझ्झान, तुझा लांडगा रडतोय रे!" दुसरा म्हणतो, "रडत नाही, घाम फुटलाय. घरी चला म्हणतोय, उम्मीकडे!" सगळे हसतात. अझ्झान म्हणतो, "खरीफ आहे, दव आहे, सगळ्यांच्याच काचांवर आहे."

मी व्हिडिओ थांबवून मोठा करून बघितला. अझ्झानचा हात दिव्याची काच पुसतो आणि थेंब पुसले जात नाहीत.

शेजारच्या गाडीच्या दिव्यात थेंब नाहीत.

लगेच अझ्झानला फोन लावला. उचलला नाही. आत्याला लावला. ती शरीफाच्या घरी होती. मागे कुणीतरी मासे तळत होतं.

"आत्या, अझ्झान तुला घ्यायला येणार आहे का?"

"दुपारनंतर. डोंगरावरचा झरा दाखवतो म्हणालाय. तिथे म्हणे गाई रस्त्यात बसतात आणि हॉर्न वाजवला तर तुमच्याकडे नातेवाइकासारख्या बघतात." ती किती हसत होती. मग थांबली. "आवाज का असा? कसली शंका?"

मला सांगायचं होतं. वाक्य जुळत नव्हतं. धुतलं होतं, कोरडं लागलं होतं, आवाज आला होता, भोकं भरली. तिने विचारलं, "धुतलेल्या वस्तूचीच ना? त्या दिवशीची?"

"हो."

"हाताला कोरडी लागली होती ना?"

"लागली होती."

"मग? बघ, इतके दिवस धरून ठेवलीस पोटात. सोड तिला, झुवैना. माझ्यासाठी सोड."

मी म्हटलं, सोडली. ती म्हणाली, "शाब्बास माझी पोर. तुझ्या दम्यासाठी लोबान घेतलाय, चांगला, पांढरा."

नियमाप्रमाणे आता वही मिटायला हवी. पण हात काय म्हणाला आणि डोळा काय म्हणतो, दोन्ही साक्षीदार आहेत. आत्याने याबद्दल काही शिकवलेलं नाही. अझ्झानला पुन्हा दोनदा लावला. बंद आहे.

१२ जुलै, शनिवार

कैसचा फोन आला. आत्या गेली.

१४ जुलै, सोमवार

सकाळी आत्याला घरी आणलं.

डोंगरावरून उतरताना धुकं दाट झालं होतं. समोरून एक पाण्याचा टँकर दुसऱ्या गाडीला ओलांडून पुढे आला. टँकरवाला म्हणतो, मला रस्ता मोकळा दिसला, समोर दिवेच नव्हते. अझ्झान म्हणतो, माझे दिवे चालू होते. दोघेही खरं बोलत असतील. अझ्झानने गाडी बाहेर घेतली ती आत्याच्या बाजूने दगडावर गेली. त्याचा खांदा मोडला आहे.

अंघोळ घालायला बायका जमल्या. उम्मीचे हात चालत नव्हते. हमीदा काकी म्हणाली, नियम कुणाला नीट येतात? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. येतात. तिनेच शिकवले आहेत.

पहिलं पाणी बोरीच्या पाल्याचं, शेवटचं कापराचं. उजवी बाजू आधी. मला वाटलं होतं मधेच अडकेन, पुन्हा सुरू करेन, बायका कुजबुजतील. एकदाही अडकले नाही. तिचं डावं कोपर धुतलं तेव्हा ते भिजलं, आणि मला माहीत होतं की भिजलं.

कफनात घालण्याआधी अंग कोरडं करायचं असतं. हमीदा काकीने एक फडकं फिरवलं आणि म्हणाली, झालं. मी म्हटलं, नाही झालं. काखेत, कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत, केसांच्या मुळाशी, जिथे हात जात नाही तिथे कापडाचं टोक वळून आत घातलं. काकी म्हणाली, "पुरे गं, किती पुसशील." उम्मीने तिला गप्प केलं.

१७ जुलै, गुरुवार

लोक येतात, कहवा पितात, म्हणतात, धुकं होतं, लिहिलेलं होतं. मी खजुराची ताटं फिरवते. कुणी धुकं म्हणालं की माझ्या हातातलं ताट जड होतं.

२० जुलै, रविवार

गाडीतलं सामान आज एका पोत्यात भरून आलं. थर्मास, आत्याची एक चप्पल, लोबानची पुडी. आणि खाली, तारा तुटून सुटलेला उजवा दिवा. गाडीचं पुढचं तोंड चेपलं, पण याची काच शाबूत आहे.

अझ्झान उद्या पोलिसांना जबाब द्यायला सलालाला जाणार आहे. गळ्यात हात बांधून तो उम्मीसमोर बसला होता. "फिल्म मी लावली. दिवे मी उघडले. सगळं मी एकट्याने केलं, तेच सांगणार."

"धुकं होतं रे बाळा," उम्मी म्हणाली आणि चूल बघायच्या निमित्ताने उठली.

मी दिवा मांडीवर घेतला. फिल्म सोलून काढली. आतून काचेला थेंब, आणि तळाशी पाणी, दिवा कलला की या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाणारं.

"फेक ते," अझ्झान म्हणाला.

मी केसांतली पिन काढली आणि मागच्या भोकातला गोंद उकरला. चांगला घट्ट बसला होता. "हात पुढे कर."

"कशाला?"

"कर."

त्याने बरा हात पुढे केला. मी दिवा कलता केला. पाणी त्याच्या तळव्यात पडलं, कोमट, रंगाने काळपट झालेलं.

"हे दव नाही," मी म्हटलं. "मी धुतले होते दोन्ही. पालीमुळे. तू बाजारात गेला होतास तेव्हा. नंतर ही भोकं बुजवली, म्हणून ते बाहेर पडलं नाही."

"भोकं मी भर म्हणालो."

"आत आवाज आला होता. जोडायच्या आधी. ते तुला सांगितलं नाही."

त्याच्या बोटांमधून पाणी जमिनीवर गळलं. तो म्हणाला, "झुवैना, एकाने सांगितलं की पुरे आहे. दोघांनी कशाला?"

"उद्या मी येते तुझ्याबरोबर."

"तिकडे श्वास कोंडेल तुझा."

"पंप घेते."

उम्मीने आतून नमाजसाठी हाक मारली. अझ्झान उठून गेला. दिवा अजून माझ्या मांडीवर आहे. पाणी माझ्याही हातावरून मनगटापर्यंत उतरलं होतं, ते आता वाळलं, काळी रेघ राहिली आहे. हात धुवायला मी अजून उठलेले नाही.